रानातला नर

बादलीतून एकशे सत्तावीस पतंग निघाले. करडे, जाड अंगाचे एक्केचाळीस. पंख पसरून भिंतीला चिकटवल्यासारखे बसणारे, उंट अळ्यांचे, तेहतीस. तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे, गवतातले, सत्तावीस. केसाळ अळ्यांचे ठिपकेदार एकोणीस. निमुळत्या लांब पंखांचे, हॉक मॉथ, सहा. कोशाचा पतंग एक. धानाच्या खोडकिडीचे पतंग शून्य.

हर्षाली मारबतेला पगार या शून्यासाठी मिळत होता. घरामागच्या वाडीत, लिंबाच्या झाडाखाली तिचा प्रकाश सापळा असे. वर जांभळा दिवा, खाली नरसाळं, त्याखाली पांढरी बादली आणि बादलीत अंड्यांचे रिकामे पुठ्ठे. रात्रभर पतंग दिव्याकडे येत, नरसाळ्यातून घसरत आणि पुठ्ठ्यांच्या खळग्यांत बसून राहत. उजाडताच, कोतवाल पक्षी यायच्या आत, ती एकेक पुठ्ठा उचलून पतंग ओळखी, मोजी आणि मेंदीच्या कुंपणाच्या सावलीत सोडून देई. मे महिना संपत आला होता, उन्हाळी धानाची कापणी चालू होती. पाच वर्षांपूर्वी याच दिवसांत, याच वाडीत खोडकिडीचे तीनशे-साडेतीनशे पतंग एका रात्रीत पडत. आता गेल्या उन्हाळ्यापासून एकही नाही.

त्या दिवशी तिचा हात थांबला तो कोशाच्या पतंगापाशी.

कोसा म्हणजे जंगलातलं रेशीम. ऐनाच्या झाडावर वाढणाऱ्या अळ्यांचे कोश काढून त्याचं सूत करतात. ऐनटोल्यातली ढिवरांची घरं पावसाळ्यात मासे धरत आणि उरलेलं वर्ष कोशावर काढत. हर्षाली त्यातल्याच एका घरात वाढली होती. कोशाचा पतंग तिला लहानपणापासून ठाऊक. तळहाताएवढा, चारही पंखांवर काचेसारखी एकेक गोल खिडकी. नर विटकरी, त्याच्या मिशा रुंद, पिसासारख्या. मादी पिवळी, तिच्या मिशा अरुंद, आणि पोट अंड्यांनी भरलेलं.

पुठ्ठ्यावर बसलेला पतंग पिवळा होता. त्याच्या मिशा रुंद होत्या.

तिने आधी नर धरला. मग पंखांचा काठ पाहिला, तो मादीचा होता. मादी धरली, तर पोट चपटं. भिंगाखाली घेतल्यावरही तो अर्धा इकडचा, अर्धा तिकडचाच राहिला. शेवटी तिने त्याला बाटलीत घालून मारलं आणि पोट उघडलं. जिथे दोन-अडीचशे अंडी दाटीवाटीने असायला हवी होती तिथे सुताएवढ्या दोन पांढऱ्या नळ्या होत्या.

तिने एक पाय तोडून चाचणीच्या नळीत टाकला. ही चाचणी खोडकिडीसाठी होती, कोशावर ती करायचं काही कारणच नव्हतं. वीस मिनिटांनी पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

एक रेघ म्हणजे चाचणी नीट झाली. दुसरी रेघ म्हणजे तो तुकडा आहे.

*

त्या तुकड्याला शास्त्रज्ञ जीन ड्राइव्ह म्हणत. गावात त्याला नावच नव्हतं. नागपूरच्या संस्थेने चार वर्षांपूर्वी जाळीच्या खोक्यांतून आणून सोडलेल्या पतंगांना मात्र होतं. लोक त्यांना ‘नागपुरी पाखरं’ म्हणत.

एरवी आईकडून आलेला गुण पिलांत निम्म्यांनाच मिळतो, नातवंडांत त्याच्याही निम्म्यांना. पिढ्यान्‌पिढ्या तो पातळ होत जातो, ताकात पाणी ओतत राहावं तसा. नागपुरी पाखरांच्या अंगी घातलेला तुकडा हा नियम पाळत नव्हता. अंडी किंवा वीर्य तयार होताना आईचं आणि बापाचं गुणसूत्र शेजारी आलं की तो दुसऱ्यातली नेमकी जागा कापून तिथे स्वतःची नक्कल बसवी. त्यामुळे तो निम्म्यांना नाही, जवळजवळ सगळ्यांना मिळे. एक प्रत असलेला नर धडधाकट असे, मादीही अंडी घाले. दोन प्रती आलेली मादी मात्र धड मादी होत नसे. तिला अंडीच येत नसत. काही पिढ्यांत सगळ्या माद्या अशाच होतात, आणि जात संपते.

तुकडा कापायचा ते नर-मादी ठरवणारं जनुक. ते निवडण्यामागे हुशारी होती. लाखो वर्षांत ते जवळपास बदललेलं नाही, कारण त्यात बदल झालेला जीव वंशच वाढवू शकत नाही. म्हणजे किडीला निसटायला वाट नाही. आणि खोडकिडीचा जोडा दुसऱ्या जातीशी लागत नाही, म्हणून तो तुकडा तिच्याबाहेर जाणार नाही. सगळ्या परवानग्या या दोन वाक्यांवर मिळाल्या होत्या.

फायदाही डोळ्यांना दिसला होता. धानावरची फवारणी थांबली. धानाच्या बांधीतल्या पाण्यातलं विष गेलं. बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, वीस वर्षांत न दिसलेले मासे परत आले. ढिवरांच्या गावात याहून मोठा पुरावा कोण मागणार?

हर्षालीने संस्थेत फोन लावला. तिच्या वरिष्ठ डॉ. नाखरे दुपारचं जेवत होत्या.

“मॅडम, कोशाच्या मादीला नराच्या मिशा कधी असतात?”

“कधीच नाही. रंग उडालेला नर असेल.”

“पोट उघडलं. अंडाशय नाहीत म्हटलं तरी चालेल. आणि पट्टीवर दोन रेघा आहेत.”

पलीकडे डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला.

“पट्ट्या जुन्या असतील.”

“या महिन्यातल्या आहेत. तीनदा केलं.”

“माश्या,” डॉ. नाखरे म्हणाल्या. “त्या बारीक माश्या.”

अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक परजीवी माश्या असतात. अंड्याबरोबर त्या एक विषाणूही टोचतात, आणि तो विषाणू क्वचित एका अळीतला जनुकांचा तुकडा दुसऱ्या जातीच्या अळीत नेऊन ठेवतो. हे घडतं ते हजारो वर्षांत एखाद्या वेळी. पण साधा तुकडा नेला तर तो पुढच्या पिढ्यांत विरून जातो. हा विरणारा नव्हता. आणि कापायची जागा कोशातही अक्षरशः तीच होती. किडीला निसटता येऊ नये म्हणून जी जागा निवडली, ती सगळ्याच पतंगांच्या अंगात तशीच्या तशी होती.

“तुकडा दुसऱ्या जातीत गेला तर नियम काय आहे तुला माहीत आहे,” मॅडम म्हणाल्या.

“पंधरा किलोमीटरच्या आतले सगळे कोसे जाळायचे. नदी आड आली तर तिच्या अलीकडचे.”

“नदीपलीकडे?”

“पलीकडच्या एकाही सापळ्यात तुकडा असलेला पतंग नाही. अजून वैनगंगेच्या अलीकडेच आहे.”

“तुझ्या घरचेच कोसेवाले ना?”

“मोठे बाबा. सगळ्या गावाला बीज तेच देतात.”

मॅडमनी श्वास सोडलेला ऐकू आला. “आज वर कळवलंस तर परवा गाड्या येतील. प्रमाण किती आहे ते आधी बघ. आठवडाभर मी तुला काही विचारत नाही.”

*

मोठे बाबा, म्हणजे हर्षालीच्या वडिलांचे थोरले भाऊ तुळशीराम, बिजाच्या झोपडीपुढे उकिडवे बसून दोरा वळत होते. आईवडील कामासाठी तुमसरला गेले तेव्हापासून हर्षालीला यांनीच वाढवलं, यांनीच शिकवलं. झोपडीत बीजकोशांच्या, म्हणजे पुढच्या पिढीसाठी जिवंत ठेवलेल्या कोशांच्या, माळा टांगल्या होत्या, साडेसहाशे कोसे. हवेत दमटपणा आला होता आणि कोसे फुटायला लागले होते.

“या मॅडम,” मोठे बाबा म्हणाले. “आज लाईट इकडं कशी फिरली?”

“पाखरं पाहायला आले.”

“पाहा ना. टिकट नाही लावलं अजून.”

त्यांनी नुकतीच निघालेली एक पिवळी मादी हातावर घेतली, पंखांच्या मुळाशी दोऱ्याचा सैल फास टाकला आणि दुसरं टोक अंगणातल्या आडव्या बांबूला बांधलं. बांबूवर अशा दहा-बारा माद्या बसल्या होत्या. ही ऐनटोल्याची रीत. दुसरीकडे घरच्या नराशी घरच्या मादीचा जोडा लावतात. इथे संध्याकाळी मादी बाहेर बांधायची आणि रानातला नर वासावर येऊ द्यायचा. घरचं बीज घरातच फिरलं तर मऊ पडतं, रानातला नर त्याला ताकद देतो, असं सगळे मानत. ते खोटंही नव्हतं. ऐनटोल्याचा कोसा आसपासच्या कुठल्याही गावापेक्षा जड भरे.

हर्षाली त्या बांबूकडे पाहत राहिली. रानातले नर. गेल्या वर्षी आणि त्याआधीच्या वर्षीही ते याच बांबूवर आले असणार.

“मोठे बाबा, मले यांचे पाय पाहिजे. एकेकाचा एकच.”

“पाय?” ते हसले. “आता लंगड्या नवऱ्या बांधू का मी इथं? रानातला नवरदेव परत जाईल ना बाई.”

आतून त्यांची धाकटी मुलगी आचल ओरडली, “ताई, माझे दोन्ही सोड. रविवारी सात फेरे घ्यायचे आहेत!”

आचलचं लग्न नदीपलीकडच्या सावरपारच्या लोकेशशी ठरलं होतं. मोठी आई, म्हणजे आचलची आई, तिच्या हातांना हळद चोळत बसली होती. ती हसली नाही. “पाय तोडून काय शिकता तुम्ही लोक, देव जाणे,” एवढंच म्हणाली.

हर्षालीने बांबूवरच्या आणि झोपडीत निघालेल्या पाखरांचे मिळून साठ पाय घेतले. घरी जाऊन साठ नळ्या लावल्या. त्रेचाळिसांवर दोन रेघा आल्या.

*

सकाळी तिने मोठ्या बाबांना बोडीच्या पाळीवर नेऊन सांगितलं. त्यांनी मध्येच एकदा विडी पेटवली आणि ती ओढायची विसरले.

“पाखरं तर चांगली आहेत,” ते म्हणाले. “अंडी देऊन राहिली.”

“आत्ता देतात. यांची पिलं देतील, काही देणार नाहीत. आणखी दोन-चार वर्षांनी एकही मादी अंडी देणार नाही.”

“बियाण्यात लाल धान मिसळलं तर आम्ही निवडून काढतो.”

“हे लाल धान शेजारच्या दाण्याला लाल करते, मोठे बाबा. निवडायच्या आधीच.”

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. काठाशी बारीक मासळीचा थवा वळला.

“म्हणजे हे मासे आले, त्याच्यातूनच हे आलं.”

“हो.”

“तू वर सांगितलं?”

“नाही. सांगितलं की सगळं जाळतील. आपलं, खालच्या टोल्याचं, सगळं. चांगलं-वाईट पाहत नाहीत.”

“आजाच्या आज्यापासूनचं बीज आहे ते.” त्यांचा आवाज चढला नाही. “मग मले कायले सांगतेस? धाड गाड्या.”

“साठात सतरा साफ निघाले,” हर्षाली म्हणाली. तिने रात्रभर याचाच विचार केला होता. “झोपडी जाळीने बंद करायची. कोसा फुटला की पाखराचा पाय तपासायचा. साफ नर, साफ मादी, त्यांचाच जोडा, तोही आत. बाकीची मारून टाकायची. शंभर साफ मिळाली तरी बीज वाचते. पण मादी बाहेर बांधायची नाही. एकही.”

मोठ्या बाबांनी विझलेली विडी पाण्यात टाकली. “अन्‌ रविवारची टोपली?”

ऐनटोल्यातली मुलगी सासरी जाताना पाच कोडी, म्हणजे शंभर, बीजकोसे टोपलीतून घेऊन जाते. तिच्या हातचं बीज सासरच्या ऐनावर चढलं की ती त्या घरची झाली. टोपलीशिवाय गेलेली मुलगी सावरपारातल्या कोणी पाहिली नव्हती.

“टोपली न्यायची,” हर्षाली म्हणाली. “पण वाफवलेली.”

विकायचे कोसे वाफेवर धरून आतला जीव मारतात, म्हणजे पतंग कोसा फोडून बाहेर येत नाही. वाळले की वरून ओळखू येत नाहीत. मोठ्या बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं आजवर कधी पाहिलं नव्हतं.

“फुटले नाहीत तर ते काय म्हणतील?”

“म्हणतील बीज खराब निघालं.”

“पोरीले म्हणतील ना बाई. बिजाले कोण म्हणते?”

तिने नदीपलीकडच्या सापळ्यांतली शून्यं सांगितली, तिकडचं जंगल किती मोठं आहे ते सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. शनिवारी त्यांनी स्वतः चूल पेटवली, शंभर कोसे मोजले आणि वाफेवर ठेवले. बीजकोसे वाफवायची त्यांची ही पहिलीच वेळ. मोठी आई दारात उभी राहून पाहत होती. हर्षालीने तिला एवढंच सांगितलं, की बिजात रोग आहे, आपल्या रानातल्या नरांकडून आलेला, आणि नदीपलीकडचं रान अजून साफ आहे. त्यापुढचं सांगायला वेळ नव्हता. लग्नघर होतं, आणि मोठ्या आईनेही काही विचारलं नाही.

*

लग्न छान झालं. मांडवात आचल टोपली कडेवर घेऊन उभी राहिली तेव्हा लोकेशच्या आईने वरचा एक कोसा कानाशी हलवून पाहिला आणि मान डोलावली. मेलेला कोसा हलका वाजतो हे हर्षालीला ठाऊक होतं. पण त्या बाईने कोसा परत ठेवला आणि आचलच्या गालावरून हात फिरवला.

पुढचे दिवस जाळीच्या झोपडीत गेले. पाखरू निघालं की हर्षाली पाय घेई, नळीवर आकडा घाली, दोन रेघा आल्या की पाखरू मोठ्या बाबांच्या हातात देई. ते त्याला अंगठ्याने दाबत. साफ निघालेल्यांचे जोडे एका कोपऱ्यात, बांबूच्या खोक्यांत बसत होते. वीस झाले. तीस झाले.

डॉ. नाखरेंचा फोन आला. “आठवडा झाला, हर्षाली.”

“अजून मोजतेय, मॅडम.”

“किती?”

“अजून मोजतेय.”

त्यांनी फोन ठेवला.

एक गोष्ट तिला खटकत होती. दाराजवळच्या तीन माळा फुटत नव्हत्या. बाकीच्या रोज फुटत होत्या, या साठ कोशांतून एकही पाखरू निघालं नव्हतं. दाराशी ऊन लागत असेल, हवा कोरडी असेल, असं तिने स्वतःला समजावलं आणि त्या माळांवर ओलं पोतं टाकलं.

त्याच दुपारी आचलचा फोन आला. तिचा आवाज आनंदाने वरच्या पट्टीत गेला होता.

“ताई, निघाली ना!”

“काय निघाली?”

“पाखरं! परवापासून निघून राहिली. सासू तर सगळ्या गावाले बोलावून आणते. म्हणते, ऐनटोल्याची सून आणली, बघा बीज. मी काल बांबू बांधला बाहेर, बाबांसारखाच. अन्‌ काय नर आले ताई रानातून! मोठेमोठे.”

हर्षालीने पोतं उचललं. दाराजवळच्या माळेतला एक कोसा तोडून कानाशी हलवला. तो हलका वाजला.

*

मोठी आई अंगणात तांदूळ निवडत होती. हर्षालीने तो कोसा तिच्या सुपात ठेवला. मोठ्या आईने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा तांदळात बोटं घातली.

“मी बदलले,” ती म्हणाली. “तीन कोडी. बाकीचे दोन कोडी खाली तसेच ठेवले.”

“कधी?”

“रविवारी पहाटे. मेलेलं बीज कडेवर देऊन पोरीले सासरी धाडू? मी आई आहे तिची, दुश्मन नाही.”

“मोठी आई, मी सांगितलं होतं ना, त्यात…”

“सांगितलं होतं. ऐकलंही होतं.” आता तिने वर पाहिलं. तिच्या नजरेत अपराध नव्हता. उलट एखादी गोष्ट सगळ्यांच्या आधी लक्षात आलेल्या माणसाचा शांतपणा होता. “रोग आपल्या रानातल्या नरांचा आहे, तूच म्हणालीस. तिकडचं रान साफ आहे, हेही तूच म्हणालीस. मग बीज तिकडंच जायला पाहिजे ना? तिकडचा नर आला की निम्मा रोग गेला. पुढच्या वर्षी आणखी निम्मा. माझ्या सासूनं असंच काळं पडलेलं बीज सुधरवलं होतं, तीन वर्षं रानातला नर लावून. इथं जाळीत कोंडून काय सुधरते?”

आजवरच्या कुठल्याही बिजाबद्दल, कुठल्याही रोगाबद्दल ही बाई बरोबर होती. शेतकऱ्यांनी, गुराख्यांनी, कोसेवाल्यांनी हजारो वर्षं हेच केलं होतं आणि दर वेळी ते लागू पडलं होतं. फक्त हा एकच तुकडा निम्मा होत नव्हता. आणि ती गोष्ट हर्षालीने बोडीच्या पाळीवर, एकट्या मोठ्या बाबांना सांगितली होती.

“हा निम्मा होत नाही, मोठी आई,” ती म्हणाली. “ज्याला लागतो त्याला अख्खा लागतो. त्याच्या पिलांनाही अख्खा.”

मोठ्या आईचा हात सुपात थांबला. “असं कसं होईल?”

“माणसांनी केलेलं आहे. म्हणून होते.”

मोठ्या आईने सुपातला कोसा उचलून बाजूला ठेवला. मग तिने विचारलं, “आचलले काय म्हणतील?”

*

पुलावरून जाताना हर्षालीने खाली पाहिलं नाही. उन्हाळ्यातही नदीचं पात्र एवढं रुंद होतं, की पतंग ते एका रात्रीत ओलांडत नसे. चार वर्षं नदीने तेवढं काम केलं होतं.

सावरपारच्या घरासमोर बांबू उभा होता. पिवळ्या माद्या दोऱ्यांना बांधून ओळीने बसल्या होत्या. काहींनी खाली पसरलेल्या पानांवर अंडी घालायला सुरुवात केली होती. आचल धावत आली. नव्या बांगड्यांनी तिचा हात कोपरापर्यंत भरला होता.

“सांगितलं असतं तर जेवणाचं केलं असतं ना! हे बघ, एकतीस माद्या निघाल्या. सासू म्हणते, एवढ्या तर यांच्या आजीच्या वेळीही नाही निघाल्या.”

“नर किती निघाले?”

“सव्वीस.”

“कुठे आहेत?”

“उडवले ना.” आचल हसली. “घरच्या नराचं काय करायचं? बाबाही उडवतातच. रानात गेले.” तिने घरामागे हात केला. घरामागून ऐनाचं जंगल सुरू होत होतं. ते थेट दुसऱ्या जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत अखंड होतं.

हर्षालीने पिशवीतून नळ्या काढल्या. आचलचं हसू हळूहळू मावळलं. तिने लहानपणापासून या ताईच्या चेहऱ्यावरून परीक्षेचे निकाल ओळखले होते.

“काय झालं?”

हर्षालीने सांगितलं. या वेळी सगळं सांगितलं, काही मागे ठेवलं नाही. कोसे वाफवायची कल्पना कोणाची होती तेही सांगितलं. आचल ओट्यावर बसली.

“म्हणजे तू मले मेलेले कोसे देऊन धाडत होतीस.”

“हो.”

“अन्‌ आईनं जिवंत दिले.”

“हो.”

“अन्‌ आता?”

“आता ही अंडी जाळावी लागतील. माद्याही. आज मी वर कळवणार. मग इथे गाड्या येतील आणि ऐनटोल्यातही. मोठ्या बाबांच्या झोपडीतले साफ जोडेही जातील. नियमात साफ-नासाफ असं काही नाही.”

“आठ दिवसांपूर्वी कळवलं असतं तर?”

हर्षालीने नळ्यांची झाकणं उघडायला घेतली. “तर तिकडचंच गेलं असतं.”

आत भांडी वाजत होती. लोकेशच्या आईने हाक मारली, “आचल, कोण आलं वो? पाहुण्यांना बिजाची झोपडी दाखव!”

“दाखवते, आई,” आचल म्हणाली. ती उठली, बांबूजवळ गेली, पहिल्या मादीचा दोरा सोडला आणि मादी हातावर घेऊन हर्षालीपुढे धरली. “घे. आधी मोज. मग मी त्यांना सांगीन.”

दोघींनी ओट्यावर बसून एकतीस पाय तोडले. आचल मादी धरी, हर्षाली चिमट्याने पाय घेई. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. लोकेश शेतातून आला, दोघींच्या मधल्या नळ्यांची रांग पाहून दारातच थांबला.

वीस मिनिटांनी हर्षालीने पट्ट्या ओळीने मांडल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि फोनवर डॉ. नाखरेंना निकाल लिहून पाठवला.

सावरपार. कोसा, मादी. तपासलेल्या एकतीस. तुकड्याच्या वाहक चोवीस. नर सव्वीस, न तपासता रानात सोडलेले.